दोन कानांची नोंद

परवा पेपरात वाचलं की म्हाताऱ्या झालेल्या संदेशवाहक उपग्रहाला जगवायला आता दुसरं यान वर पाठवतात. ते जाऊन त्याला मागून धरतं आणि स्वतःच्या इंधनावर आणखी काही वर्षं जागेवर ठेवतं. उपग्रह आतून धडधाकट असतो, फक्त जागेवर राहण्यापुरतं त्याचं इंधन संपलेलं असतं, म्हणून ही सोय. वाचून मला कौतुक वाटलं आणि लगेच रागही आला. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्याला कारण लागत नाही. पण या वेळी होतं. आमच्या उपग्रहाला असं धरणारं कोणी नव्हतं.

आमचा म्हणजे अमेरिकेचा. पण त्या वर्षी मी त्याला आमचाच म्हणत असे.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी बावीस वर्षांची, गणितात बी.एस्सी. झालेली, आणि बंगळुरात मल्लेश्वरमच्या घरात लग्न ठरायची वाट बघत बसलेली. वाट मी बघत नव्हते, आई बघत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते आणि पंधरा वर्षांत बंगळूरचेच होऊन गेले होते. भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करायचे आणि हरले की मराठीत पुटपुटायचे. मी दिवसभर घरात चिडचिड करते हे बघून ते एकदा म्हणाले, "अगं, बसल्या जागी गंजशील. आमच्या सरांना गणित करणारं माणूस हवंय. जातेस?"

सर म्हणजे अण्णांचे स्नेही, एका कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. कानडी, बुटके, पांढरा पंचा खांद्यावर टाकून प्रयोगशाळेत फिरणारे. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी एक रिसीव्हर बसवला होता. लष्कराने टाकून दिलेला, सरांनी दुरुस्त केलेला. त्यावर ते उपग्रहाची शीळ ऐकायचे. या उपग्रहामार्फत समुद्रापलीकडे चित्रं आणि आवाज जात. त्यातलं आम्हांला काही मिळणार नव्हतं, तेवढी साधनं आमच्याकडे कुठून असणार? पण आपण कुठे आहोत हे कळवायला तो एक बारीक शीळ सतत सोडत असे, आणि ती मात्र जो कान देईल त्याची होती. अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात तो पृथ्वीला फेरी मारायचा. त्यातल्या कुठल्या फेरीत तो बंगळूरवरून जाईल, कुठल्या दिशेने वर येईल, किती वाजता मावळेल, हे आधी काढून ठेवावं लागे. ते गणित माझं.

लॉगची कोष्टकं, शाळेतला एक पृथ्वीगोल आणि त्याभोवती तारेचं कडं, एवढ्यावर मी आठवड्याचं वेळापत्रक करायची. पहिल्या आठवड्यात सरांनी माझं गणित दोनदा तपासलं, दुसऱ्या आठवड्यात एकदा, आणि तिसऱ्या आठवड्यात "सरी", म्हणजे कानडीत बरोबर, एवढंच म्हणून बाजूला ठेवलं. त्या एका "सरी"वर मी चार दिवस तरंगत होते.

गच्चीवर एरियल फिरवायला सरांचा मदतनीस असे. तो निपाणीचा. एम.एस्सी. करून इथे सरांकडे लागला होता. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलायचं म्हणजे जणू कर भरावा लागतो इतका कमी बोलणारा. मराठीच, पण माझ्या कानाला ते मराठी नवं होतं. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "अक्का, जरा सरकून उभं ऱ्हावा, वायर हाय तिथं."

अक्का! त्याच्याहून चार वर्षांनी लहान होते मी. निपाणीत आणि बंगळुरात अनोळखी बाईला असंच म्हणतात हे मला ठाऊक होतं, तरी घरी येऊन मी आईला म्हटलं, "अगदीच गावंढळ माणूस आहे." आई म्हणाली, "असू दे, तुला कुठे त्याच्याशी बोलायचंय?"

खरंच बोलायचं नव्हतं. आमचं बोलणं म्हणजे अंश. हातात घड्याळ आणि वही घेऊन मी ओरडायची, "एकशे वीस... एकशे तीस... वर, अजून वर," आणि तो बांबूला बांधलेलं एरियल तसं तसं फिरवायचा. रात्रीच्या फेऱ्या तो आणि सर ऐकायचे. दुपारच्या आणि संध्याकाळच्या आम्हां दोघांच्या. सुरुवातीला अण्णा बरोबर येत, गच्चीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत आणि पाचव्या मिनिटाला घोरत. पुढे पुढे ते घरीच घोरू लागले.

आता सरांचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे. खरखरीतून बारीक शीळ ओळखायची म्हणजे कान फसतोच. आपल्याला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं. म्हणून सरांनी ठरवलं होतं की नोंद दोन कानांची. हेडफोनची पट्टी केव्हाच मोडली होती, त्याचे दोन तुकडे झाले होते. एक तुकडा त्याच्या कानाला, एक माझ्या. वहीत दोन रकाने, एक त्याचा, एक माझा. शीळ ऐकू आली की आपापल्या रकान्यात बरोबरची खूण करायची. फेरी संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, दुसऱ्याच्या रकान्याकडे बघायचं नाही. दोन्ही रकान्यांत खूण असेल तरच ती नोंद. सर म्हणत, "एकाने ऐकलं ते स्वप्न, दोघांनी ऐकलं ते शास्त्र."

हेडफोनच्या वायरी हातभर लांब होत्या. तेवढ्यात दोघांनी उभं राहायचं.

पहिल्यांदा शीळ आली तो दिवस मला आठवतो. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, कुणाच्या तरी घरात अवरेकाईची, म्हणजे वालाची, उसळ शिजत असल्याचा वास. आणि खरखरीच्या तळातून ती आली. बारीक, सरळ, आणि हळूहळू खाली उतरत जाणारी. उपग्रह आपल्याकडे येतो तेव्हा स्वर वर असतो, लांब जाऊ लागला की उतरतो. मी गणितात लिहिलेल्या मिनिटाला आली! मी माझ्या रकान्यात खूण केली. फेरी संपल्यावर आम्ही दोघांनी वहीत एकदमच वाकून पाहिलं, दोन्ही खुणा होत्या, आणि तो हसला. त्याचे पुढचे दात जरासे एकावर एक होते. मला तो त्या क्षणापासून आवडू लागला. दुसरं काही सभ्य कारण शोधत बसत नाही, एवढंच झालं.

त्यानंतर चार महिने मी फक्त संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी जगले असं म्हटलं तर आता हसू येतं, पण तेव्हा आलं नसतं. तो कधी कागदाच्या पुडीत उकडलेल्या कडलेकाई, म्हणजे शेंगा, आणायचा आणि पुडी कठड्यावर माझ्या बाजूला सरकवून ठेवायचा. घ्या म्हणायचा नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की तो मला अक्का म्हणायचा थांबला आहे. दुसरं काही म्हणत नव्हता. नुसतं, "जरा बघा की," "हिकडं या." मी त्या रात्री हे सारखं मोजत बसले की अक्का शेवटचं कधी म्हटलं होतं.

आणि हिवाळ्याच्या तोंडावर उपग्रह मुका झाला.

एका फेरीला काही ऐकू आलं नाही. मी गणित पुन्हा केलं. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीला नाही. मग पेपरात आलं की बाहेरच्या अंतराळातल्या किरणांनी त्याच्या आतले ट्रान्झिस्टर बिघडले आहेत, जमिनीवरून दिलेला हुकूम तो ऐकेनासा झाला आहे, आणि त्याची शीळही बंद पडली आहे. सरांनी आम्हांला समजावलं. तिकडचे इंजिनिअर टेबलावर तसंच मंडल, म्हणजे सर्किट, जोडून त्याला किरणांचा तसाच मार देऊन बघत असणार. वर जाऊन हात लावता येत नाही, मग खाली बसूनच काही तरी युक्ती. "विजेचा दाब काढून घेतला, थोडी विश्रांती दिली, तर असे ट्रान्झिस्टर कधी कधी सावरतात," सर म्हणाले. "लंघनं परमौषधम्! पण हुकूमच ऐकत नाही त्याला उपास कसा घडवायचा, हा प्रश्न आहे."

मग त्यांनी पंचा झटकला आणि म्हणाले, "दोन आठवडे ऐकू या. नाहीच आला तर हे बंद. रिसीव्हर मला दुसऱ्या कामाला हवाय."

दोन आठवडे. मी घरी आले आणि आईवर उगाच ओरडले.

इकडे माझ्यासाठी पुण्याचं एक स्थळ आलं होतं. गच्ची बंद झाली की मला घराबाहेर पडायला कारण उरणार नव्हतं, आणि त्याला माझ्याशी बोलायला तर नव्हतंच. अंशच संपले तर आम्ही काय बोलणार होतो? मला तो उपग्रह जिवंत हवा होता. शास्त्रासाठी नाही. मला तो माणूस हातभर अंतरावर हवा होता.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही कानाला तुकडे लावून उभे होतो. नुसती खरखर. फेरी अर्धी संपली. आणि मी नियम मोडून मोठ्याने म्हणाले, "आला!"

खोटं. काहीही आलं नव्हतं. माझ्या कानात जी खरखर होती तीच त्याच्या कानात होती, रिसीव्हर एकच होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून माझ्या रकान्यात खूण केली. मग त्याने पेन्सिल घेतली आणि त्याच्या रकान्यात खूण केली.

सरांनी वही पाहिली, "क्षीण, पण आहे" असं स्वतःच्या हाताने पुढे लिहिलं आणि गच्ची आणखी महिनाभर चालू राहिली. त्या महिन्यात मी आणखी दोनदा "आला" म्हणाले. दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा खूण केली, आणि मूग गिळून बसला. मी पुण्याच्या स्थळाला नकार दिला. का, ते आईला सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, सरांनी वही उघडली की मी खिडकीबाहेर बघायची. पण संध्याकाळ झाली की मी पुन्हा केसांना तेल लावून, वेणी घालून तयार.

आणि मग तो खरंच आला.

तिकडच्या लोकांनी त्याला फसवलं होतं. बिघडलेल्या मंडलाला चुकवून पोचेल असा हुकूम त्यांनी रचला, त्याची वीज तोडली, त्याला उपास घडवला, आणि तो सावरला. आमच्या गच्चीवर एका दुपारी शीळ आली, पहिल्यासारखी सरळ आणि स्वच्छ. मी तोंड गच्च मिटून खूण केली. त्यानेही केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात आनंद किती आणि भीती किती ते मला आजही वेगळं करता येणार नाही.

भीती यासाठी की सर खाली टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. तुमचा उपग्रह मुका असताना बंगळूरने त्याला तीनदा ऐकलं, तारखा आणि वेळा सोबत जोडल्या आहेत. ते पत्र त्या इंजिनिअरांना जाणार होतं. शिवाय त्याच पाकिटात दुसरं पत्र होतं. माझ्या शेजारी उभ्या असणाऱ्या माणसाला तिकडच्या केंद्रात दोन वर्षं शिकायला घ्यावं, याच्या कानांची आणि सचोटीची मी हमी देतो, असं.

मी दोन दिवस जेवले नाही. गप्प राहिले तर माझ्या तीन खोट्या खुणांवरून ते लोक आपल्या उपग्रहाच्या आजाराचा चुकीचा अर्थ लावणार. मुका होता तेव्हा मधूनच बोलत होता, असं धरून पुढचा उपग्रह बांधणार. गणितात मी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. आणि बोलले तर? माझी खूण खोटी, तर त्याचीही खोटी. मग त्याचं पत्र जाणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. तो तिथेच रिसीव्हरचा एक काचेचा व्हॉल्व्ह पुसत होता. मी म्हटलं, "सर, त्या तीन वेळा मला काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. मोठ्याने बोलून यांनाही फसवलं."

हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते. दोष माझ्या एकटीवर यावा म्हणून. पण मनाच्या आत मला काय हवं होतं ते सांगते. त्याने म्हणावं, नाही सर, मला कुणी फसवलं नाही, मला माहीत होतं, तरी मी खूण केली. एवढं एक वाक्य त्याने बोलावं. त्याचा अर्थ त्या खोलीत फक्त मला कळला असता.

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पंच्याने पुसला. "का केलंस?" असं विचारतील म्हणून मी घाबरले होते. त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "आणि तू?"

तो व्हॉल्व्ह पुसत होता तो थांबला. म्हणाला, "मला ऐकू आलतं, सर."

"तिन्ही वेळा?"

"हौदु, सर. तिन्ही वेळा."

सरांनी मान हलवली. लाल पेन्सिल घेऊन तिन्ही नोंदींवर रेघ मारली. दोन कानांतला एक फिरला, नोंद रद्द, नियम म्हणजे नियम. मुक्या काळातलं पत्र त्यांनी फाडलं, दुसरं पत्र पाकिटात घातलं. मग मला म्हणाले, "गणित घरून पाठवत जा. गणित तुझं चांगलं आहे. वर यायचं कारण नाही." ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

जिन्यात तो माझ्यामागून आला. मी उतरता उतरता थांबले आणि वळले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तो सगळा राग मी त्याच्यावर काढला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी म्हटलं, "वाचवलंत ना पत्र? खरंच ऐकू आलं होतं तुम्हांला?"

तो दोन पायऱ्या वर उभा होता. व्हॉल्व्ह अजून हातातच होता.

"तुम्ही 'आला' म्हणालासा की," तो म्हणाला.

मला वाटलं, तो दोष माझ्यावर ढकलतोय. तुम्हीच म्हणालात, मी आपली खूण केली. मी म्हटलं, "सरी," आणि जिना उतरले, मागे न बघता.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मल्लेश्वरमचा उतार लागेपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. आणि मध्येच केव्हा तरी ते वाक्य मला नीट ऐकू आलं. त्याच्या कानात फक्त खरखर होती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तरी मी 'आला' म्हटल्यावर त्याने 'आला' मानलं होतं. सरांसमोरही त्याने तेच मानलं. मी माझा शब्द मागे घेतला होता, त्याने घेतला नव्हता.

उतरून उलटी बस धरायची होती. वीस मिनिटांचा रस्ता. माझ्या मनात आलं, आत्ता गेले तर सर काय म्हणतील? मग आलं, त्याने यावं की, घर माहीत आहे त्याला. एका मुलीने किती वेळा तोंड उघडायचं? मी घरी गेले.

वेळापत्रक मी पाठवत राहिले. दर सोमवारी अण्णा कॉलेजात नेऊन देत. संध्याकाळच्या फेरीची वेळ झाली की मी आमच्या गच्चीवर जाऊन उभी राही आणि तो आता कुठल्या अंशावर असेल ते तोंडाने म्हणे. काही आठवड्यांनी उपग्रह पुन्हा मुका झाला. तिकडच्या लोकांनी त्याला पुन्हा उपास घडवला, पुन्हा हुकूम रचले, जमेल ते सगळं केलं. या वेळी तो सावरला नाही. पुढच्या सोमवारी अण्णा परत आले ते वेळापत्रक हातात घेऊनच. म्हणाले, "आता नको म्हणाले सर. आणि तो निपाणीचा मुलगा गेला गं काल, मद्रासहून बोटीने अमेरिकेला जाणार आहे. गेल्या सोमवारी तुला नमस्कार सांगितला होता त्याने, सांगायचं राहूनच गेलं."

"काय म्हणाला?" मी विचारलं. "नक्की काय म्हणाला, अण्णा?"

अण्णा चपला काढत होते. त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"महिनाभर सोमवारी मी गेलो की तो दारातच उभा असायचा," ते म्हणाले. "वेळापत्रक तू घेऊन येतेस का, ते बघायला."